दाद: मागायची आणि द्यायची

संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा: रोजचा चांगुलपणा, संगीत आणि बदलती भाषा. हा तर तीन व्याख्यानांचा ऐवज झाला. एका बैठकीत तिन्ही उरकायला गेलो तर एकालाही न्याय मिळायचा नाही. म्हणून आम्ही एकच शब्द घेऊन आलो आहोत, ज्यात हे तिन्ही विषय येऊन मिळतात. तो शब्द म्हणजे 'दाद'.

हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो ते बघा. वर्तमानपत्रात बातमी येते, 'उच्च न्यायालयात दाद मागितली.' घरात कुणी आजारी असलं तर आपण म्हणतो, 'ताप औषधाला दाद देत नाही.' आणि गाण्याच्या मैफलीत आपण गायकाला दाद देतो. न्यायालय, आजारपण आणि मैफल. वरवर पाहता यांचा काही संबंध दिसत नाही. पण फारसीत 'दाद' म्हणजे न्याय. तो अर्थ धरला की धागा सापडतो. एका बाजूनं काहीतरी पुढे येतं, तक्रार असेल, औषध असेल, एखादी सुरेख जागा असेल. आणि दुसऱ्या बाजूकडून त्याला योग्य तो प्रतिसाद मिळतो किंवा मिळत नाही. दाद म्हणजे ज्याचं त्याला देणं. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, पण हा शब्द मराठीतून हलला नाही. लोकांना त्याची गरज होती, एवढाच त्याचा अर्थ.

आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे की रोजच्या जगण्यातला चांगुलपणा म्हणजे दया नव्हे, दाद आहे.

दया वरून खाली येते. देणारा उभा असतो, घेणारा वाकलेला. कांटनं 1797 मधल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात ही अडचण नेमकी ओळखली होती. उपकार करणाऱ्यानं दुसऱ्याला बांधून ठेवल्याचा आभासही टाळावा, उलट त्यानं आपली मदत स्वीकारली यात आपलाच मान आहे असं वागावं, असा त्याचा आग्रह होता. आपल्या भाषेलाही ही अडचण ठाऊक आहे. 'आभार' या शब्दात 'भार' आहे, आणि उपकार आपण कर्जासारखे 'फेडतो'. सभेच्या शेवटी तर आपण आभाराचं चक्क प्रदर्शन भरवतो. तोवर निम्मी माणसं चपला शोधायला बाहेर गेलेली असतात, ही गोष्ट वेगळी!

म्हणूनच की काय, मराठी घरांत थेट आभार मानायची पद्धत नव्हती. आईनं पानात वाढल्यावर कुणी 'धन्यवाद' म्हणालं असतं तर तिनं विचारलं असतं, 'बरा आहेस ना रे?' आपुलकी दुसऱ्या शब्दांत होती. पंगतीत 'सावकाश होऊ द्या' म्हणायचं. निघताना 'जातो' नाही म्हणायचं, 'येतो' म्हणायचं. बांगडी फुटली नाही म्हणायचं, 'वाढवली' म्हणायचं. समोरच्याला लागू नये म्हणून क्रियापदच बदलायचं, ही आपल्या भाषेची मोठी हुशारी आहे.

आता नातवंडं म्हणतात, 'थँक्यू आजी.' आमच्या वयाच्या मंडळींना हे खटकतं. 'आमच्या वेळी न बोलता कळायचं,' असं ते म्हणतात. आम्हीही कित्येक वर्षं हेच म्हणत आलो. पण खरोखर कळायचं का हो? आमच्या घरी चाळीस वर्षं स्वयंपाक झाला. त्या चाळीस वर्षांत स्वयंपाकाबद्दल आमच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघालेलं वाक्य आठवायला गेलो तर ते आहे, 'आज मीठ कमी पडलंय.' ज्या दिवशी मीठ बरोबर होतं, त्या दिवशी आम्ही गप्प. ते मौन संस्कृतीचं होतं असं आम्ही समजत होतो. खरं म्हणजे ती ज्यांच्या पानात वाढलं जातं त्यांची सोय होती. तेव्हा नातवाच्या थँक्यूला आमच्याकडून नावं ठेवणं बरोबर नाही. आम्ही दिलं नाही ते तो देतो आहे.

पण त्या थँक्यूची मर्यादाही सांगायला हवी. तो शब्द आपण आजीला म्हणतो, रिक्षावाल्याला म्हणतो, आणि फोनवर बोलणाऱ्या यंत्रालाही म्हणतो. म्हणताना बघायची गरज नसते. 'आमटीला आज चिंचेऐवजी आमसूल घातलंस ना?' असं विचारायला मात्र जेवताना जिभेवर लक्ष लागतं. ही दाद झाली. दाद देणाऱ्यानं काहीतरी नेमकं टिपलेलं असतं.

आता मैफलीकडे येऊ, कारण दाद कशी द्यायची हे आपल्याला गाण्यानं जितकं शिकवलं तितकं नीतिशास्त्राच्या पुस्तकांनी शिकवलं नाही. पुस्तकं शिकवण्यात आमचा जन्म गेला, म्हणून हे जबाबदारीनं सांगतो.

आपल्या संगीतात दाद शेवटासाठी राखून ठेवत नाहीत. गायक विलंबित ख्याल मांडतोय, एकेक स्वर उलगडत समेकडे येतोय, आणि तो ज्या वळणानं समेवर उतरतो, त्या क्षणी श्रोत्याची मान हलते, तोंडून 'वा' निघतं. अर्धं मिनिट उशीर झाला तर ते 'वा' फुकट गेलं. आधी आलं तर त्याहून वाईट, कारण याला काही कळलेलं नाही हे सगळ्या बैठकीला कळतं. दादेला वेळ असते, आणि ती वेळ साधायची तर आधीपासून ऐकत असावं लागतं. भाषा कोणती याला फारसं महत्त्व नाही. 'क्या बात है' हिंदी आहे, आणि संगीत नाटकातला 'वन्समोर' तर सरळ इंग्रजी. पण मराठी प्रेक्षकानं तो इतका आपलासा केला की त्याशिवाय बालगंधर्वांच्या काळाचं वर्णनच पुरं होत नाही. म्हणून परका शब्द आला की चांगुलपणा बुडाला असं आम्हाला वाटत नाही. चिंता शब्दाची नाही, वेळेची आहे. आज मैफलीत मोबाइल वर धरून चित्रण चालतं, आणि घरी गेल्यावर त्याखाली अंगठा उमटतो. अंगठा चांगलाच आहे, पण गायकाला समेवर पोचताना त्याचा काही उपयोग नाही.

गायकाला निदान दाद मिळते तरी. साथीदाराचं काय? पेटीची साथ नीट ऐका. गायकाची फिरत पेटीवाला किंचित मागून उचलतो. पुढे जायचं नाही, वाट अडवायची नाही. गायक श्वास घ्यायला थांबला की मधली पोकळी भरून काढायची, आणि तो परत आला की बाजूला व्हायचं. आपल्याला येतं ते सगळं वाजवायचं नाही, हीच या कलेतली कसोटी. गोविंदराव टेंबे यांनी 1911 च्या 'मानापमान'ला चाली दिल्या, एवढा मोठा माणूस, पण भास्करबुवा बखल्यांच्या साथीला पेटी घेऊन बसले. आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनीही याच कामाला मोठेपण मिळवून दिलं. रोजच्या चांगुलपणाचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

आणि याच पेटीला आकाशवाणीनं 1940 मध्ये बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 साल उजाडावं लागलं. कारणं अगदीच खोटी नव्हती. पेटीचे स्वर ठरलेले, त्यामुळे मींड निघत नाही, आपल्या श्रुती त्यात बसत नाहीत, आणि वाद्य परदेशी. तरुणपणी आम्ही या मताचे कट्टर पुरस्कर्ते होतो. ध्वनिशास्त्र थोडं वाचलं होतं, बावीस श्रुतींवर बोलता येत होतं, आणि नुकतीच प्राध्यापकी लागली होती. म्हणजे विचारूच नका.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे. नोकरी कारकुनाची, पण पेटी उत्तम वाजवायचे. दर एकादशीला गल्लीतल्या भजनाला त्यांचीच साथ. सुरात न बसणाऱ्या माणसालाही ते असं सांभाळून घ्यायचे की त्याला वाटावं, आज आपला आवाज लागलाय. आम्ही खिडकीशी बसून ऐकायचो. आणि चहाला ते घरी आले की पेटी हे वाद्यच कसं चुकीचं आहे यावर त्यांना व्याख्यान द्यायचो. ते हसायचे. म्हणायचे, 'सर, तुमचं बरोबर असेल.' अशी वीसेक वर्षं गेली.

ते गेल्यावर शोकसभेत आम्ही बोललो. चांगलं बोललो, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या साथीबद्दल आत्ता तुमच्यासमोर जे सांगितलं, तेच तिथं सांगितलं. नंतर त्यांची मुलगी भेटली. ती रागावली वगैरे नव्हती. फक्त म्हणाली, 'काका, बाबांना वाटायचं तुम्हाला त्यांचं वाजवणं आवडत नाही. एकादशीला तुमची खिडकी उघडी दिसली की ते हळू वाजवायचे. तुम्हाला त्रास नको म्हणून.'

यावर बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं, आजही नाही. पण समीक्षक म्हणून आमचं काय चुकलं ते तपासायला हवं. वाद्याबद्दलचं आमचं मत शास्त्राला धरून होतं. पण वाद्यावर दिलेला निकाल त्या माणसावर जाऊन पडला, आणि त्याच्या वाजवण्यावर आमचं जे खरं मत होतं ते आम्ही स्वतःजवळ ठेवून घेतलं. सिद्धांत तोंडानं सांगितला आणि आनंद खिडकीत बसून गुपचूप घेतला. ही चोरीच झाली. आकाशवाणीच्या बंदीवर आपण टीका करतो, पण तिथं निदान नियम कागदावर होता. आमची बंदी गोड बोलून घातलेली होती.

योगसूत्रांत पहिल्या पादात चार वृत्ती सांगितल्या आहेत: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. बौद्ध परंपरेतही याच चार आहेत. करुणेवर आपण पुष्कळ बोलतो. मुदिता, म्हणजे दुसऱ्याचं चांगलं पाहून होणारा आनंद, हा शब्द मात्र बोलण्यातून नाहीसाच झाला. आणि 'उपेक्षा' बघा. तिथं तिचा अर्थ समतोल, दुसऱ्याच्या वाईटामुळे मन बिघडू न देणं. मराठीत तिचा अर्थ झाला दुर्लक्ष करणं. शब्द बदलतात, त्याला इलाज नाही. पण चारांतली मुदिता हरवावी आणि उपेक्षेचा अर्थ दुर्लक्ष व्हावा, हे आपल्याबद्दल काहीतरी सांगतं. सिमोन वेल या फ्रेंच विदुषीनं 1942 च्या सुमारास लिहिलं की न्याय आणि शेजाऱ्यावरचं प्रेम हा भेद माणसानं स्वतःच्या सोयीसाठी निर्माण केला. तिला मराठी येत नव्हतं. पण 'दाद' हा शब्द तिला आवडला असता असं आम्हाला वाटतं.

मुदितेचं एक उदाहरण आपल्याच रंगभूमीवर आहे. 8 जुलै 1921 ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या स्पर्धक संस्था. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, असे दोघे एका रंगमंचावर उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव वयाच्या 31 व्या वर्षी गेले. तो प्रयोग 'पुढे बघू' म्हणून ढकलला असता तर झालाच नसता.

आता एक आक्षेप. मग काय सगळ्यांची स्तुती करत सुटायचं? मुळीच नाही. चुकीच्या जागी आलेलं 'वाहवा' गायकाला किती बोचतं ते गायकांना विचारा. खोटी दाद हा अन्यायच, कारण आपण ऐकत नव्हतो हे तिनं सिद्ध होतं. बेसूर असेल तर बेसूरच म्हणावं, आमचा त्याला विरोध नाही. पण सूर लागला तेव्हा गप्प बसण्याचा हक्क टीकाकाराला नाही. दोष सांगायला आपण जेवढी तत्परता दाखवतो तेवढीच गुण सांगायला दाखवावी, यापलीकडे काही मोठं तत्त्वज्ञान यात नाही.

आणि शब्द कोणताही चालेल. 'वा' म्हणा, थँक्यू म्हणा, नातवाची भाषा वापरून 'भारी' म्हणा. काय भारी होतं, तेवढं सांगा. आणि माणूस समोर असताना सांगा.

आजच्या कार्यक्रमात शेवटी आभारप्रदर्शन आहे असं दिसतं. त्यात आमचं नाव असेलच. पण सुरुवातीला आमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या ध्वनियंत्रणेच्या मुलानं, आम्ही न सांगता, हळूच तो वाढवला. आम्ही पाहिलं. बाळ, तेवढ्यामुळे आम्हाला ओरडावं लागलं नाही, आणि सत्तरी ओलांडल्यावर ही लहान गोष्ट नसते.

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी घेऊ. येतो आम्ही.