गुलाबपाणी : एका प्रतीकाचा प्रवास

‘गुलाब हे प्रेमाचे प्रतीक’ हे समीकरण आपल्या काव्यसमीक्षेत आणि पदव्युत्तर वर्गांच्या उत्तरपत्रिकांत इतक्या निर्धास्तपणे वापरले जाते की, ते कोठून आले हे विचारण्याची गरज कोणास भासत नाही. कामदेवाच्या पंचबाणांत अरविंद, अशोक, आम्रमंजिरी, नवमल्लिका आणि नीलोत्पल आहेत; गुलाब नाही. कविसंकेतांनुसार अशोक तरुणीच्या पदाघाताने फुलतो, बकुल तिच्या मुखातील मद्याने; गुलाबाच्या वाट्याला असा दोहद आलेला नाही. संतकाव्यातले फूल म्हटले की ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगामुळे आधी मोगरा आठवतो.

शब्दाची साक्ष अधिक बोलकी आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल, विशेषतः गुलाबाचे. ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे ‘गुलाब’ हा मुळात फुलाचा अर्क. मराठीत पाण्याचे नाव फुलाला मिळाले आणि मग त्या पाण्यासाठी ‘गुलाबपाणी’ हा दोनदा पाणी असलेला शब्द घडला. (गुलकंदात मात्र मूळचा ‘गुल’ सुखरूप आहे.) उलट, ज्या ‘सेवती’ नावाने हिंदीत पांढरा गुलाब ओळखला जातो, त्याचेच ‘शेवंती’ हे रूप आपण अगदी निराळ्या फुलाला बहाल केले. ही निव्वळ व्युत्पत्तीची गंमत नव्हे. आपल्या सांस्कृतिक व्यवहारात गुलाब झुडपापेक्षा गुलाबदाणीतून अधिक वावरला : दरबारातील अत्तर-गुलाब, लग्नमंडपातील स्वागत, हळदीकुंकू. तेथे त्याचा अर्थ आदरातिथ्याचा आहे, प्रणयाचा नाही. भाषेतही तो नामापेक्षा विशेषणात रुजला. ‘गुलाबी थंडी’त फूल कोठे आहे?

प्रणयाचा गुलाब ज्या दोन वाटांनी आला, त्या माधव जूलियन (1894–1939) यांच्यापाशी एकत्र येतात. ‘उमरखय्यामकृत रुबाया’ (1929) मूळ फारसीवरून, तर ‘द्राक्षकन्या’ (1931) फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून. फारसी-मराठी कोश रचणारा आणि ‘गज्जलांजली’ लिहिणारा हाच कवी 1938 मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहितो, हा विरोधाभास आपण चरित्राच्या खात्यात जमा करून मोकळे होतो. वस्तुतः तो प्रतीकविचाराचा प्रश्न आहे. ‘गुलाब’ वगळून ‘शतपत्री’ किंवा ‘पाटल’ योजता येईल. पण पाटल मुळात निराळाच वृक्ष, आणि कोणत्याही शतपत्रीसाठी आजवर बुलबुल झुरलेला नाही. शब्दाला पर्याय देता येतो, त्याच्याभोवती जमलेल्या संहितांना देता येत नाही. म्हणून रविकिरण मंडळाच्या कवितेतील असे फूल ‘अनुभवाचे नसून वाचनाचे’ आहे, हा आक्षेप मला अपुरा वाटतो. ते वाचनाचे आहे हे खरेच. पण वाचन हाही त्या पिढीचा अनुभवच होता.

उंबेर्तो एको यांनी आपल्या कादंबरीच्या नावात गुलाब का घेतला, याचे कारण देताना म्हटले होते की, या फुलावर इतके अर्थ साचले आहेत की आता त्याला अर्थच उरलेला नाही. मराठीत हे विधान जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे. आपल्याकडे अर्थांची गर्दी झाली नाही. एका उसन्या अर्थाने बाकीचे झाकले गेले.

याच कवितेची टर उडविताना अत्र्यांनी विडंबनसंग्रहाला ‘झेंडूची फुले’ हे नाव दिले. नाजूक, परक्या गंधासमोर रांगडे, घरचे फूल असा त्यातील डाव. गंमत अशी की, झेंडू मूळचा अमेरिकेतला आणि आपल्याकडे युरोपीयांच्या मागून आलेला. तरी दसऱ्याच्या तोरणात त्याला कोणी परका म्हणत नाही. ‘देशी’ हा शब्द समीक्षेत वापरताना आपण उगमाविषयी बोलत असतो की सरावाविषयी, याची फोड देशीवादाच्या चर्चेत फार थोड्यांनी केली. वारज्यात फुलवाल्याकडे झेंडू वजनावर मिळतो, लांब देठाचा ‘डच’ गुलाब नगावर, आणि हारात ओवायचा तो ‘गावठी’. फारसी नावाच्या फुलाला हे विशेषण लावताना तो अडखळत नाही.