चिमणीच्या घरातील बाळ : बालवर्गातील गोष्टी, हस्तकृती आणि कुटुंबाची कल्पना

मराठी मुलाच्या कानी पडणाऱ्या अगदी पहिल्या गोष्टींपैकी एक म्हणजे चिमणी-कावळ्याची. शेणाचे घर पावसात वाहून गेल्यावर कावळा मेणाच्या घराचे दार ठोठावतो आणि चिमणी बाळाच्या आंघोळीपासून काजळ-तिटीपर्यंत एकेक सबब सांगून त्याला ताटकळत ठेवते. या घरात चिमणी आहे, बाळ आहे. चिमणा मात्र नाही. तो कोठे गेला, असे मुले सहसा विचारीत नाहीत. आई आणि बाळ मिळून घर पूर्ण होते, हे श्रोत्याने विनातक्रार मान्य केलेले असते. गोष्टीत इतक्या सहजपणे मान्य होणारी ही बाब पुठ्ठा, डिंक आणि कात्री हाती येताच अमान्य का होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

बालवर्गांतून ‘माझे कुटुंब’ हा उपक्रम बहुधा ठरलेला असतो. झाडाचे छापील चित्र, खोडावर मुलाचा फोटो आणि फांद्यांवर आई, बाबा, दोन आज्या, दोन आजोबा यांच्यासाठी आधीच आखून ठेवलेली वर्तुळे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका बालवाडीत हा उपक्रम पाहण्याचा योग आला. एका मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते आणि ती आजीजवळ राहत होती. तिने एका वर्तुळात आजी काढली. आईबाबांची शेजारशेजारची दोन वर्तुळे मात्र तिने चाके केली आणि वर बैलगाडी काढली. शिक्षिका प्रेमळ होत्या. “बाळा, गाडी नाही काढायची, इथे आईबाबा काढायचे,” असे म्हणून त्यांनी तिला दुसरा कागद दिला. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारे आईबाप हे या मुलीच्या कुटुंबाचे वास्तव होते. ते तिने चुकीचे मांडले नव्हते. ते मांडण्याची सोय कागदात नव्हती.

पाठ्यपुस्तकांनी हा प्रश्न ओळखलाच नाही असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर एनसीईआरटीने तिसरीसाठी काढलेल्या परिसर अभ्यासाच्या ‘लुकिंग अराउंड’ या पुस्तकात निरनिराळ्या कुटुंबांवर एक स्वतंत्र पाठ होता. त्यात चेन्नईची तारा आहे. तिच्या आईने लग्न केलेले नाही आणि ताराला दत्तक घेतले आहे. मुंबईत वडील आणि काकांबरोबर राहणारा, घरची इतर माणसे गावी असलेला तोताराम आहे. ताराविषयीची माहिती दोन साध्या वाक्यांत, कोणताही गहिवर न आणता येते, हे या पाठाचे मोठे यश होय. त्याची मर्यादाही तेथेच आहे. प्रत्येक कुटुंब नमुन्यासारखे येते आणि निघून जाते. कोणाला काही हवे नाही, कोणाची कोणाला आठवण येत नाही. तोतारामला गावाकडची आठवण कधी येते, हे मुलाला कळले असते तर ती गोष्ट झाली असती. येथे ती केवळ माहिती राहते. २०२४ पासून तिसरीला त्या पुस्तकाऐवजी नवे पुस्तक आले. परंतु जुन्या पाठाने उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे जुना होत नाही.

परंपरेत गोष्टींची वाण नाही. देवकी आणि यशोदा यांच्यात खरी आई कोणती, हा प्रश्न कीर्तनाला बसलेल्या कोणालाही पडत नाही. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा तर थेट शाळाप्रवेशाचीच आहे. गुरू गोत्र विचारतात. जबाला मुलाला सांगते की तारुण्यात मी अनेकांच्या सेवेत फिरले, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, तू सत्यकाम जाबाल असेच सांग. आईच्या नावाने मुलाची ओळख लागते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिणे शासकीय कागदपत्रांत बंधनकारक केले, तेव्हा या कथेचे स्मरण होणे स्वाभाविक होते. तथापि ही कथा वर्गात जशीच्या तशी सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. गौतम ऋषी मुलाला स्वीकारतात ते, इतके खरे अब्राह्मण बोलणार नाही, असे म्हणून. म्हणजे एक दार उघडताना दुसरे लोटून घेतले जाते. हे वाक्य गाळून गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकाने आपण काय गाळले, हे तरी जाणले पाहिजे.

हस्तकृतीकडे मात्र आपण एवढ्या चिकित्सेने पाहत नाही. ती निरुपद्रवी समजली जाते. वस्तुतः गोष्ट ऐकताना मूल मनातल्या मनात फेरफार करू शकते. छापील वर्तुळात ते करता येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे जे काम उभे केले, त्यात परिसरातील पाने, बिया, शंखशिंपले हेच शैक्षणिक साहित्य ठरले. त्याचे कारण केवळ काटकसर नव्हते. मूठभर बियांना ठरलेली संख्या नसते. ज्याला तीन हव्यात तो तीन घेतो, ज्याला अकरा हव्यात तो अकरा. भातुकलीतही हेच घडते. तेथे एकटी आजी घर चालवू शकते आणि बाबा स्वयंपाक करू शकतात. चिंध्यांच्या बाहुल्या, बोटांवर चढवायच्या कागदी टोप्या, काडेपेट्यांची घरे यांना अध्यापक महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत स्थान असते. पण गुण देताना आम्ही, मी स्वतःही, सुबकपणा पाहत आलो. बाहुल्या किती कराव्यात हे मुलाने ठरवायचे की शिक्षकाने, हा रकाना आमच्या मूल्यमापनात नसतो.

एक आक्षेप येथे विचारात घ्यावयास हवा. मोकळा कागद दिला तर ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा आईवडील विभक्त होत आहेत, त्या मुलाला तो अधिकच उघडे पाडणार नाही काय? पाडू शकतो. म्हणून ‘तुझे कुटुंब काढ’ असे न म्हणता ‘चिमणीच्या घरात कोण कोण राहते ते काढ’ असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. मूल आपले घर तेथे आणील किंवा आणणार नाही. निवड त्याची राहील.

त्या बालवाडीत दुपारी सर्व झाडे फलकावर लागली. त्या मुलीने नव्या कागदावर आई आणि बाबा नीटनेटके काढले होते. बैलगाडीचा कागद मी मागून घेतला, तेव्हा शिक्षिकेला नवल वाटले.