'दुरुस्ती' या संज्ञेची चिकित्सा : तंतुकणिकेतील डी.एन.ए.च्या संदर्भात

रेणवीय जीवविज्ञानाने आपली परिभाषा ज्या क्षेत्रांतून उसनी घेतली, त्यांत लेखनविद्येचा वाटा मोठा आहे. संकेत, प्रतिलेखन, भाषांतरण या संज्ञा प्रथम रूपके म्हणून आल्या आणि पुढे रूढ झाल्या. रूपक रूढ झाले की त्याचे रूपकत्व विसरले जाते, व त्यात अध्याहृत असलेली कल्पना वस्तुस्थिती म्हणून स्वीकारली जाते. तंतुकणिकेतील डी.एन.ए.च्या बाबतीत 'दुरुस्ती' या संज्ञेचे असेच झाले आहे.

तंतुकणिकेत स्वतःचा डी.एन.ए. असतो, हे १९६३ मध्ये मार्गिट नास व सिल्व्हान नास यांनी दाखविले. मानवातील त्याचा संपूर्ण अनुक्रम १९८१ मध्ये केंब्रिज येथे सिद्ध झाला : १६,५६९ क्षारक-जोड्या आणि ३७ जनुके. केंद्रकातील बहुतेक जनुकांच्या दोनच प्रती असतात. तंतुकणिकेतील या ग्रंथाच्या प्रती मात्र एकेका पेशीत शेकडो ते हजारो असतात. श्वसनक्रियेत उत्पन्न होणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे या प्रतींवर आघात करतात. ग्वानीन हा क्षारक त्यास सर्वाधिक बळी पडतो व त्याचे ८-ऑक्सोग्वानीन बनते.

१९७४ मध्ये क्लेटन, डोडा व फ्रीडबर्ग यांनी असे दाखविले की, अतिनील किरणांनी निर्माण होणारी पिरिमिडीन-द्वयके सस्तन प्राण्यांच्या तंतुकणिकेतून काढून टाकली जात नाहीत. हा निष्कर्ष एका प्रकारच्या क्षतीपुरता होता. परंतु 'दुरुस्ती' हा शब्द एकवचनी व सर्वसमावेशक असल्याने 'तंतुकणिकेत दुरुस्ती नाही' असे त्याचे सरसकट विधान झाले आणि ते दीर्घकाळ टिकले. दोष प्रयोगाचा नव्हता. संज्ञेच्या व्याप्तीचा होता.

वस्तुतः या एका शब्दाखाली तीन भिन्न व्यापार दडलेले आहेत.

पहिला व्यापार क्षतीच्या निरसनाचा. ओ.जी.जी.१ हे एंझाइम सायटोसीनसमोरील ८-ऑक्सोग्वानीन ओळखून तेवढाच क्षारक छेदून काढते; ए.पी.ई.१ त्या जागी साखळी कापते. पॉलिमरेझ गॅमा हे प्रामुख्याने रिकामी जागा भरते. लायगेझ ३ सांधा जुळविते. जुना लेखनिक अशुद्ध अक्षरावर हरताळ लावून त्यावर शुद्ध अक्षर लिहीत असे, तसाच हा प्रकार दिसतो. येथे 'दुरुस्ती' हा शब्द यथार्थ आहे.

दुसरा व्यापार याहून सूक्ष्म. ८-ऑक्सोग्वानीन तसेच राहून प्रत तयार झाली, तर त्याच्यासमोर सायटोसीनऐवजी ॲडेनीन बसू शकते. एम.यू.टी.वाय.एच. हे एंझाइम ते ॲडेनीन काढून टाकते. परंतु त्याआधी पुन्हा एक प्रत निघाली, तर ग्वानीनच्या जागी थायमीन कायमचे येते. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर, क्षती हा शाईचा डाग होय, उत्परिवर्तन हा पाठभेद होय. डाग वर्णमालेत नसल्याने ओळखू येतो. पाठभेद वर्णमालेतीलच अक्षराचा असल्याने, दोन्ही साखळ्या परस्परांशी जुळल्यावर त्यात संशयास्पद काही उरत नाही. म्हणून निरसनास वेळेची मर्यादा आहे.

तिसरा व्यापार दुरुस्तीचा नव्हेच. क्षती फार झाल्यास किंवा दोन्ही साखळ्या तुटल्यास तंतुकणिका ती प्रत सांधीत बसत नाही. बहुधा ती नष्ट होते, व उरलेल्या प्रतींवरून नव्या निघून संख्या भरून येते. प्रतींच्या विपुलतेमुळेच हे परवडते. येथे प्रत सुधारली जात नाही, संग्रह राखला जातो.

यापुढे मात्र पाठचिकित्सेचा दृष्टान्त अपुरा पडतो, हेही नमूद केले पाहिजे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती अनेक हस्तलिखितांच्या तुलनेतून. क्षारकाच्या निरसनात अशी तुलना नसते. आधार असतो तो केवळ समोरच्या साखळीचा. पेशीत संपादक नाही, मूळ पाठाचा शोधही नाही.

ही चर्चा शब्दच्छलाची नाही. क्षती म्हणजेच उत्परिवर्तन असे गृहीत धरल्याने, वार्धक्यात तंतुकणिकेत साठणारी उत्परिवर्तने ऑक्सिडीभवनाची, असा समज दृढ झाला. तसे असते तर ग्वानीनच्या जागी थायमीन हा बदल ठळकपणे आढळला असता. २०१३ मध्ये वृद्ध मानवी मेंदूच्या अभ्यासात तो ठळक आढळला नाही. आढळले ते मुख्यतः प्रत काढतानाच्या प्रमादांशी सुसंगत असे बदल. २०१८ मधील एका अभ्यासात, उंदरांच्या तंतुकणिकेतील ओ.जी.जी.१ व एम.यू.टी.वाय.एच. यांचे कार्य थांबवूनही तेथील बिंदु-उत्परिवर्तने वाढली नाहीत. यावरून क्षती निरुपद्रवी ठरत नाही. क्षतीपासून उत्परिवर्तनापर्यंतची वाट संज्ञेने सुचविली तितकी सरळ नाही, एवढेच ठरते.

यास्तव मराठीत लिहिताना क्षतिनिरसन, प्रमादशोधन व प्रतित्याग असा त्रिविध भेद पाळणे इष्ट होय. इंग्रजीतील संदिग्धता अनुवादातही जपण्याचे बंधन मराठीवर नाही. परिभाषा उशिरा घडत असेल, तर त्या उशिराचा एवढा तरी लाभ तिने घ्यावा.