संगीतीची प्रश्नावली आणि पन्हाळेकाजीची नोंद

विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या पंचसतिक खन्धकात पहिल्या संगीतीचा वृत्तान्त आहे. महाकस्सप स्थविर उपालींना पहिला पाराजिक नियम विचारतात. त्याचबरोबर तो कोठे, कोणाला उद्देशून व कोणत्या प्रकरणी घालून दिला, हेही विचारतात. वेसाली, सुदिन्न, मैथुनधम्म, अशी उत्तरे येतात. मूळ नियम आणि त्याला नंतर पडलेली भर यांविषयी वेगवेगळे प्रश्न केले जातात. सामग्रीबरोबर तिची ओळख जपण्याच्या या रीतीलाच आजचे संशोधक मेटाडेटा म्हणतात.

सावर्डे ज्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. त्यांवरील म. न. देशपांडे यांचा इंग्रजी ग्रंथ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ साली प्रसिद्ध केला. स्थळाचे प्राचीन नाव प्रणालक, हीनयान ते वज्रयान ते नाथ संप्रदाय हा क्रम आणि इसवी सनाचे तिसरे ते चौदावे शतक हा काळ, हे सर्व त्याच्या शीर्षक-उपशीर्षकातच नमूद आहे. एका स्थळावरील अनेक थर वेगळे राखणे हा या ग्रंथाचा मोठा गुण होय.

एका शब्दाविषयी मात्र आक्षेप घेणे प्राप्त आहे. ‘हीनयान’ हे प्रतिपक्षाने दिलेले हेटाळणीचे नाव आहे. वर्णनाच्या रकान्यात ते लिहिले की मत हेच तथ्य म्हणून पुढे जाते. त्याऐवजी ‘थेरवाद’ लिहावे, तर निकाय सिद्ध करणारा पुरावा हवा. तो नसेल तेथे ‘प्रारंभिक बौद्ध’ एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

हीच शिस्त आपल्यालाही लागू आहे. अनेक बौद्ध लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हटले जाते, याची आपल्याला रास्त चीड येते. परंतु पन्हाळेकाजीच्या सर्व छायाचित्रांवर केवळ ‘बौद्ध लेणी’ असे लिहून साठविले, तर वज्रयानातील अक्षोभ्याची मूर्तीही झाकली जाते आणि नाथांचा थरही.

म्हणून प्रत्येक नोंदीत लेण्याचा क्रमांक, प्रत्यक्ष दिसणारे अवशेष, अनुमानित काळ, त्या अनुमानाचा आधार, नोंद करणाऱ्याचे नाव व दिनांक असावा; लोकप्रचलित नाव निराळ्या रकान्यात द्यावे. आपला वारसा नाकारणाऱ्याला घोषणेने निरुत्तर करता येत नाही. तपासता येईल अशी नोंद त्याच्यापुढे ठेवावी लागते. संगीतीने धम्मविनय स्वीकारला तोही प्रश्न विचारून, हे आपण विसरू नये.