साक्ष कोणाची? : सायकेडेलिक अनुभवांच्या भाषेचा विचार

विशिष्ट द्रव्याच्या सेवनाने माणसाच्या चित्ताला जी असामान्य अवस्था प्राप्त होते, तिच्या सत्यासत्यतेविषयी पाश्चात्त्य जगात गेली सत्तर वर्षे वाद चालू आहे. तत्त्वज्ञ, धर्मशास्त्रज्ञ, मनोवैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ या सर्वांनी त्यात भाग घेतला. भाषेच्या अभ्यासकाचा आवाज मात्र त्यात क्वचितच ऐकू येतो. वस्तुतः या वादातील जवळजवळ सगळा पुरावा भाषिक आहे. मेस्कॅलिन, एलएसडी अथवा सिलोसायबिन घेतलेल्या माणसाने काय पाहिले, हे दुसऱ्या कोणालाही पाहता येत नाही. त्याने काय सांगितले, एवढेच परीक्षकाच्या हाती लागते. तेव्हा अनुभव खरा की खोटा या प्रश्नापूर्वी दुसरे दोन प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. ही साक्ष कोणाच्या शब्दांत दिली गेली? आणि त्या शब्दांच्या व्याकरणात बोलणारा कोण आहे?

नामकरणापासूनच या विचाराला आरंभ करता येईल. १९५० च्या दशकात मनोवैद्यांच्या वर्तुळात या द्रव्यांना 'सायकोटोमिमेटिक', म्हणजे वेडाची नक्कल करणारी, असे म्हटले जाई. हम्फ्री ऑस्मंड या मनोवैद्याला हे नाव एकांगी वाटू लागले. १९५६ साली कादंबरीकार ऑल्डस हक्सली याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्याने 'सायकेडेलिक' हा शब्द बनविला आणि पुढील वर्षी तो विद्वानांपुढे मांडला. ग्रीक भाषेतील 'चित्त' आणि 'प्रकट' या अर्थांच्या दोन शब्दांपासून तो सिद्ध झाला आहे. १९७९ साली काही अभ्यासकांनी त्याच्या जागी 'एन्थिओजेन' हा शब्द सुचविला, कारण त्यांना या द्रव्यांत अंतरीच्या देवत्वाला जागविण्याची शक्ती दिसत होती. द्रव्ये तीच राहिली. नावे तीन झाली. पहिल्या नावात रोगाचे निदान आहे, दुसऱ्यात चित्ताविषयीचा एक सिद्धान्त आहे आणि तिसऱ्यात श्रद्धेचा उच्चार आहे. वादाचा निकाल वाद सुरू होण्यापूर्वीच संज्ञेत सांठवून ठेवलेला असावा, हे शास्त्रीय परिभाषेच्या इतिहासात नवे नाही. परंतु येथे त्याचे परिणाम विशेष दूरगामी झाले.

या विषयावरील सर्वांत प्रभावी ग्रंथ म्हणून हक्सलीच्या १९५४ मधील 'द डोअर्स ऑफ पर्सेप्शन' या लहानशा पुस्तकाचा निर्देश करावा लागतो. मे १९५३ मध्ये ऑस्मंडच्या देखरेखीखाली हक्सलीने चार-दशांश ग्रॅम मेस्कॅलिन घेतले. फुलदाणीतील तीन फुले, खुर्चीचे पाय, स्वतःच्या विजारीच्या घड्या या सामान्य वस्तू त्याला असाधारण तेजाने आणि अर्थाने भरलेल्या दिसल्या. हे वर्णन आजही ताजे वाटते, आणि पुस्तकाचे खरे वाङ्मयीन मूल्य तेथेच आहे. तथापि वर्णनावरून अर्थाकडे वळताच हक्सली जे शब्द योजतो, ते त्या सकाळी जन्मलेले नाहीत. जर्मन साधक एकहार्ट याचा 'असणेपण' सुचविणारा शब्द, वेदान्तातील सच्चिदानंद आणि बौद्धांचा धर्मकाय हे तिन्ही शब्द एकापाठोपाठ येतात. १९४५ साली याच लेखकाने 'द पेरेनियल फिलॉसफी' हा ग्रंथ लिहून सर्व धर्मांतील गूढानुभव मुळात एकच आहे असे प्रतिपादन केले होते. त्याच्या एक वर्ष आधी भगवद्‌गीतेच्या एका इंग्रजी भाषांतराला त्याने प्रस्तावना लिहिली होती. फुलदाणीकडे पाहणारा डोळा मेस्कॅलिनने बदलला असेल. पण त्या डोळ्याला जे दिसले त्याला नाव देणारी जीभ मात्र आठ वर्षे आधीच तयार होती.

यावरून हक्सली अप्रामाणिक होता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मेस्कॅलिनने मिळालेली अवस्था म्हणजे मोक्ष अथवा अंतिम ज्ञान नव्हे, हे त्याने स्वतःच स्पष्ट केले आहे. त्याच्या मते ती एक अयाचित कृपा होय. त्याची चूक निराळी आहे. तीन परंपरांतील तीन शब्द एकाच वस्तूची तीन नावे आहेत, हे त्याने गृहीत धरले. आणि त्या वस्तूचे दर्शन झाल्याची साक्ष त्याच शब्दांनी दिली. ज्या गृहीतकाची परीक्षा व्हायची, तेच साक्षीदार म्हणून उभे करण्याचा हा प्रकार आहे.

हक्सलीचा सर्वांत कठोर टीकाकार म्हणजे ऑक्सफर्ड येथील पौर्वात्य धर्मांचा प्राध्यापक आर. सी. झेनर. १९५७ च्या 'मिस्टिसिझम सेक्रेड अँड प्रोफेन' या ग्रंथात त्याने निसर्गाशी एकरूपतेचा, अद्वैताचा आणि ईश्वरभक्तीचा असे तीन अनुभव वेगळे काढले आणि त्यांना एका माळेत ओवणाऱ्या हक्सलीचा समाचार घेतला. हा भेद महत्त्वाचा आहे आणि तो मांडल्याचे श्रेय झेनरला दिलेच पाहिजे. त्याने १९५५ साली स्वतःही मेस्कॅलिन घेतले. त्याला सगळे जग हास्यास्पद आणि निरर्थक वाटले, ईश्वर कोठेही भेटला नाही, आणि त्यावरून या द्रव्याचा धर्माशी संबंध नाही असे त्याने ठरविले. झेनर श्रद्धावान कॅथलिक होता आणि ईश्वरभेट ही कृपेनेच घडते, औषधाने नव्हे, ही त्याची धारणा प्रयोगापूर्वीचीच होती. हक्सलीला जे हवे ते सापडले; झेनरला जे नको होते ते सापडले नाही. दोघांच्या साक्षी परस्परविरुद्ध असल्या तरी त्यांची घडण एकच आहे.

व्यक्तिगत साक्षीतील हा दोष टाळण्यासाठी पुढील संशोधकांनी मोजमापाचा मार्ग स्वीकारला. १९६२ च्या गुड फ्रायडेला वॉल्टर पान्के याने बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वीस धर्मशास्त्र-विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहांना सिलोसायबिन दिले, दहांना निकोटिनिक आम्ल. २००६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी अधिक काटेकोर पद्धतीने ३६ जणांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी २२ जणांना सिलोसायबिनमुळे 'पूर्ण' गूढानुभव आला असे प्रश्नावलीच्या आधारे ठरविण्यात आले. पुढे कर्करोगाच्या रुग्णांचे दुःख व भय हलके करण्याच्या उपचारांतही याच जातीच्या प्रश्नावल्या वापरल्या गेल्या. त्या उपचारांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. प्रश्न आहे तो प्रश्नावलीच्या कुळाचा.

तिच्यातील मुख्य कसोट्या तत्त्वज्ञ डब्ल्यू. टी. स्टेस याने मांडलेल्या वर्गीकरणातून आल्या आहेत. एकत्वाची जाणीव, देशकालाचे अतिक्रमण, पावित्र्याची भावना, शब्दातीतता ही लक्षणे त्याने निरनिराळ्या धर्मांतील ग्रंथांतून, बव्हंशी इंग्रजी भाषांतरांच्या आधारे, निवडली. मांडूक्य उपनिषद हे त्याचे एक प्रमुख उदाहरण होय. संस्कृत जाणणाऱ्याला येथे थांबावेच लागते. त्या उपनिषदात 'अव्यपदेश्य' हे पद तुरीयाचे, म्हणजे आत्म्याचे, विशेषण म्हणून आले आहे. आत्म्याचा निर्देश करता येत नाही, असे तेथे म्हटले आहे. आपल्याला आलेला एखादा प्रसंग सांगता येत नाही, असे तेथे कोणी म्हटलेले नाही. वस्तूचे विशेषण अनुभवाचे विशेषण झाले, आणि तत्त्वाविषयीचे विधान मनोवस्थेचे लक्षण ठरले. हे स्थित्यंतर भाषांतरात घडले. त्यानंतर ते लक्षण प्रश्नावलीत शिरले, आणि आता आपला अनुभव शब्दांत सांगता येत नाही या वाक्यासमोर रुग्ण आकडा लिहितो. २००६ च्या अभ्यासातील सर्व व्यक्ती कमी-अधिक प्रमाणात धार्मिक वा आध्यात्मिक आचरण करणाऱ्या होत्या, हेही लक्षात घेतले पाहिजे. प्रश्नकर्ता आणि उत्तरकर्ता एकाच शब्दकोशातून बोलत असतील, तर त्यांच्या एकवाक्यतेचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. सगळे काही भाषेनेच निर्माण होते, असे म्हणावयाचे आहे काय? तसे म्हणता येणार नाही. ही द्रव्ये मेंदूतील सिरोटोनिनच्या विशिष्ट ग्राहकांवर कार्य करतात आणि भाषा कोणतीही असो, देहावर परिणाम होतोच. अशिक्षित, सुशिक्षित, आस्तिक, नास्तिक या सर्वांना काही तरी घडते. भाषेचा अभ्यासक एवढेच म्हणतो की, त्या 'काही तरी'ला 'अनुभव' म्हणणे, तो अनुभव 'माझा' म्हणणे आणि त्या माझ्या अनुभवाला 'आध्यात्मिक' म्हणणे, या तीन पायऱ्या रसायनाने चढलेल्या नसतात. याचा पडताळा पाहावयाचा तर याच द्रव्याचा जेथे दीर्घकाळ निराळ्या रीतीने उपयोग झाला, अशा समाजाकडे वळले पाहिजे.

मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील मासातेक लोकांत सिलोसायबिनयुक्त भूछत्रांचा उपयोग रोगनिवारणासाठी होत आला आहे. जून १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा अमेरिकन बँकर तेथील वाउत्ला गावी मारिया साबिना या वैदूणीने चालविलेल्या रात्रीच्या विधीत सहभागी झाला. मे १९५७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्याचा लेख आला आणि भूछत्रे जगप्रसिद्ध झाली. मारिया साबिनाच्या विधीतील गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि १९७७ साली अल्वारो एस्त्रादा या मासातेक भाषकाने तिच्या तोंडून ऐकलेले तिचे आत्मकथनही ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मासातेक ही स्वरभेदाने अर्थभेद करणारी भाषा आहे. तिच्यातील या गायनाचे एक व्याकरणिक वैशिष्ट्य हेन्री मन याने १९७३ साली विशद केले. गाणारी स्त्री 'मी अमुक आहे' अशी विधाने एकामागून एक करते. परंतु विधानाच्या अखेरीस 'म्हणतो' किंवा 'म्हणतात' या अर्थाचे एक लहानसे पद येते. बोलणारी भूछत्रे असतात. तिच्या मुखातून ती बोलतात. म्हणजे या साक्षीत प्रथमपुरुष आहे, पण तो अवतरणाच्या आत आहे.

मराठी वाचकाला हा प्रयोग सर्वस्वी परका वाटू नये. 'तो म्हणे परगावी गेला' या वाक्यात 'म्हणे' हे क्रियापद राहिलेले नाही. ते अव्यय झाले असून ऐकीव माहितीची जबाबदारी वक्त्याच्या अंगावरून काढून घेते. येथे 'म्हणे'ने विधान दुबळे होते. याच धातूचे 'तुका म्हणे' या नाममुद्रेतील रूप मात्र नेमके उलट कार्य करते. तेथे वक्ता आपले नाव देऊन उक्तीला जामीन राहतो. आणि तरीही ही वाणी आपली नसून विठ्ठल वदवितो, असे तुकारामांनी अनेकवार सांगितले आहे. नाव आपले आणि वाणी दुसऱ्याची, हा ताण त्या अभंगांच्या शक्तीचा एक भाग आहे. मासातेक गायनात अवतरणाचे पद विधानाला दुबळे करीत नाही, उलट त्याला अधिकार देते. अर्थात् ही तुलना केवळ व्याकरणापुरती आहे. वारकरी भक्तीचा आणि भूछत्रांचा काही संबंध सुचविण्याचा तीत हेतू नाही. 'म्हणणे' या एकाच क्रियेच्या आधारे साक्षीचे तीन भिन्न प्रकार संभवतात, एवढेच तिच्यावरून दिसते. हक्सलीच्या ग्रंथात यांपैकी एकही नाही. तेथे 'मी पाहिले' हेच आरंभी आणि अखेरीस आहे.

हा भेद शैलीपुरता मर्यादित नाही. मारिया साबिनाने आत्मकथनात सांगितले आहे की, परकीय येण्यापूर्वी केवळ देवाच्या भेटीसाठी भूछत्रे कोणी घेत नसे. ती आजाऱ्याला बरे करण्यासाठी घेतली जात. हक्सलीपासून आधुनिक प्रश्नावलीपर्यंत ज्या 'आध्यात्मिक अनुभवा'चा शोध चालला आहे, तो स्वतंत्र साध्य म्हणून तिच्या जगात नव्हताच. १९६२ साली वॉसन आणि रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी तिला कृत्रिम सिलोसायबिनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा गोळ्यांत भूछत्रांचाच आत्मा असल्याचे तिने मान्य केले. तिच्या दृष्टीनेही द्रव्य एकच ठरले. एक नव्हते ते त्याच्याकडे मागण्याचे कारण. लिहिता-वाचता न येणाऱ्या या स्त्रीच्या कथनात ज्ञान तिला एका ग्रंथाच्या रूपाने प्राप्त होते, आणि त्या ग्रंथातून तिला मिळते ती भाषा. विद्वानांनी शब्दातीततेचा पाठपुरावा केला. तिला मात्र शब्दच मिळाले.

मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप घडावयाची आहे, म्हणून येथे सावधपणा अवश्य आहे. या द्रव्यांना 'भ्रमकारक' म्हटले की वेदान्ताने रज्जुसर्पाच्या दृष्टान्ताने दिलेला निवाडा न बोलता लागू होतो. त्यांच्या परिणामाला 'साक्षात्कार' म्हटले की साक्षात् झालेली वस्तू सत्य असल्याचे गृहीत धरले जाते. दोन्ही शब्द समृद्ध आहेत, आणि म्हणूनच धोक्याचे आहेत. 'सायकेडेलिक' हा परका शब्द तूर्त तसाच ठेवणे त्यामानाने प्रामाणिकपणाचे होय. त्याचे परकेपण निदान कानाला कळते.

शब्द परका झाला की काय घडते, हे मासातेक लोकांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. १९६० च्या दशकात वाउत्ला येथे परकीय तरुणांची रीघ लागली, आणि भूछत्रांची शक्ती गेली असे मारिया साबिना म्हणू लागली. एस्त्रादाने याविषयी तेथील एका वृद्ध वैदूला विचारले. त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, भूछत्रांची पवित्र भाषा बिघडली असून आता ती मासातेक लोकांना कळेनाशी झाली आहे. भूछत्रे आता इंग्रजी बोलतात. तत्त्वज्ञांनी दीर्घकाळ चालविलेल्या वादातील मर्म या उत्तरात आले आहे. द्रव्य नष्ट झाले नव्हते, त्याचा गुणही नष्ट झाला नव्हता. नष्ट झाले होते ते ज्याला कळावे त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणे.