‘ती फुलराणी’ : उच्चार आणि सामाजिक प्रतिष्ठा

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ (१९१३) या नाटकात फुलविक्रेत्या एलायझाची कॉकनी बोली हीच तिच्या वर्गाची ओळख ठरते. पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ (१९७५) द्वारे हे नाट्य मराठीत आणले. मराठी समाजात उच्चार वर्गाबरोबरच जातीचाही निदर्शक मानला जात असल्याने येथे संघर्ष अधिक गुंतागुंतीचा होतो. मंजुळेच्या बोलीला केवळ हसल्यास तिला ‘अशुद्ध’ ठरविणारी सत्ता नजरेआड राहते. वस्तुतः ‘आणि’ व ‘आनि’ हा भेद ध्वनीचा आहे, बुद्धीचा नव्हे. नवे उच्चार लाभलेली एलायझा जुन्या जगाला पारखी होते, हे शॉ यांनी दाखविले आहे. म्हणून आपण अध्यापकांनी प्रमाणभाषा अवश्य शिकवावी. बोलीची लाज मात्र शिकवू नये.