छत्री घरोघर, आवाज कोणाचा?

खोडाळ्यात दूरदर्शनवर बोलायचं तर सुरुवात घराच्या पत्र्यापासून करू. तिथे छत्री दिसते ना, ती बहुधा फ्री डिशची. एकदा पैसे मोजले की दरमहा काही भरावं लागत नाही. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ही सेवा निघाली. मनोऱ्यावरचं प्रक्षेपण डोंगर आडवा आला की अडतं. उपग्रहाला सूर्यमाळ आडवी येत नाही. २०२२ पर्यंत मनोऱ्यांवरची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं बहुतेक बंद झाली, तरी छत्रीवाली घरं तुटली नाहीत. याचं श्रेय आम्ही मोकळेपणाने देतो.

आमची तक्रार पुढची आहे. प्रसार भारती कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. त्याचं बारावं कलम बघा. दुर्गम भागातल्या लोकांची सेवा करणं, आदिवासी समाजांच्या खास गरजा ध्यानात घेऊन कार्यक्रम देणं, ही कामं तिथे लिहून ठेवली आहेत. आणि छत्रीवर काय होतं? खाजगी वाहिन्यांसाठीच्या जागा लिलावाने दिल्या जातात. ज्याचा बाजार मोठा, त्याची बोली मोठी. मराठीत ‘बोली’चे दोन अर्थ, इथे एक बोली दुसरीला हरवते. वारली, कातकरी, ठाकरी यांच्यासाठी लिलावात कोण उभं राहणार?

बोलणारे थोडे, म्हणून परवडत नाही, असं कोणी म्हणेल. वेल्स बघा. वेल्श वाहिनीचं आश्वासन सरकारने मोडलं, तेव्हा १९८० मध्ये ग्विन्फोर इव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमलं आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये ‘एस-फोर-सी’ सुरू झाली. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार. महाराष्ट्रातल्या वारली समाजाची लोकसंख्या २०११ मध्येच त्याहून जास्त होती. सगळेच घरी वारली बोलतात असं नाही, हे मान्य. तरी संख्येची सबब टिकत नाही.

छत्रीची ताकद आपण पाहिली आहे. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागली. मोबाइलला रेंज नसली तरी टीव्हीवर धडा बघता येत होता. पण मालिका मराठीत. घरी वारली बोलणाऱ्या पहिलीतल्या पोराला ती कितपत आपली वाटली असेल?

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲप आलं. येऊ द्या. पण ॲपला फोन लागतो, डेटा लागतो, रेंज लागते. प्रक्षेपणात पोहोचण्याची जबाबदारी संस्थेची होती, ॲपमध्ये ती प्रेक्षकाच्या खांद्यावर येते. कर्तव्य असं हळूच दुसऱ्याकडे सरकवणं, याला आम्ही प्रगती म्हणणार नाही.

आमचं मागणं छोटं आहे. आठवड्याला अर्धा तास, सह्याद्रीवर, ठरलेल्या वेळी, इथल्या बोलीत, इथल्याच पोरापोरींनी केलेला कार्यक्रम. त्यात नागली-वरई असावी; दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचं रेशन नि मुलांची शाळा असावी. मग तो ॲपवरही ठेवा.

बोहाड्यात सोंग घेणारा गावातलाच असतो, म्हणून गाव रात्रभर बसून बघतं. दूरदर्शनने एवढं ध्यानात घेतलं तरी पुष्कळ झालं.